ताप अंगाचा, भार काळजाचा



मृगाचा पाऊस पडून तीन दिवस झाले होते. वाफसा आला होता आणि गावोगाव तिफणी बाहेर निघाल्या होत्या. अशा दिवसांत माझ्या दवाखान्यात गर्दी नसते. माणूस आपले दुखणेसुद्धा पेरणीच्या पलीकडे ढकलतो. त्यामुळे भर दुपारी एक तरणा गडी मोटारसायकल उन्हातच टाकून आत आला, तेव्हाच मी ओळखले, की घरात काही मोठे घडले आहे. त्याच्या हातात रिपोर्टांची प्लॅस्टिकची पिशवी होती.

"डॉक्टरसाहेब, आबांना अटॅक आलाय म्हणत्यात. रक्तात निघालाय. आजच्या आज शहरात न्यायला पाहिजे, दोन लाख तरी जवळ ठेवा म्हणाले."

"कोण म्हणाले?"

"तिथल्या एका माणसानं सांगितलं. मी बैलजोडीचा सौदा बोलून आलोय. तुम्ही हे कागद तेवढे बघा."

पेरणीच्या तोंडावर कुणी बैलजोडी विकतो का? पण बापापुढे बैल काय आणि जमीन काय. मी कागद पाहू लागलो. आबांचे वय ६२. सहा दिवसांचा ताप, खोकला, गंजाच्या रंगाचा बेडका. फोटोत उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग पांढरा झालेला, म्हणजे न्यूमोनिया. नाडी मिनिटाला १२४, रक्तदाब ९० च्या घरात, रक्तातला प्राणवायू ८६ टक्के. सी.आर.पी. नावाच्या तपासणीचा आकडा २१२. आणि खाली शाईने गोल केलेले, 'ट्रोपोनिन : पॉझिटिव्ह'. घरच्यांनी धसका घेतला होता तो ह्या शेवटच्या ओळीचा.

ह्या दोन तपासण्या हल्ली तालुक्याच्या गावी सर्रास होतात. त्यांची नावे आता बांधावर बसून बोलली जातात, परंतु त्यांचा अर्थ मात्र बऱ्याच घरांत उलटासुलटा पोहोचलेला असतो. म्हणून आजचा लेख.

आधी दाह म्हणजे काय ते पाहू. पायात बाभळीचा काटा मोडला, की दुसऱ्या दिवशी तेवढी जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. त्या ठिकाणी रक्त जास्त धावते, पांढऱ्या पेशी येतात, जंतूंशी झटापट करतात. हा दाह आपल्या रक्षणासाठीच असतो. तो काट्यापुरता राहिला तर चार दिवसांत काम आटोपून निघून जातो. परंतु फुफ्फुसात, मूत्रमार्गात किंवा रक्तातच जंतूंनी ठाण मांडले, तर हा दाह एका जागी राहत नाही. पांढऱ्या पेशी एकमेकींना सावध करण्यासाठी जी द्रव्ये सोडतात, ती रक्तातून साऱ्या शरीरभर जातात. ताप चढतो, अंग मोडून येते, भूक मरते, नाडी पळू लागते. हा झाला सर्वांगाचा दाह. बांधावरचे गवत पेटवावे आणि वारा सुटून शेजारच्या कडब्याच्या गंजीपर्यंत आग जावी, तसे हे होते. पेटवणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण गंजी जळायची ती जळतेच.

सी.आर.पी. ही ह्या सर्वांगाच्या दाहाची खूण. शरीरात दाह सुरू झाल्याचा निरोप पोहोचला, की यकृत हे द्रव्य तयार करून रक्तात सोडू लागते. सहा-आठ तासांत त्याचा आकडा वाढू लागतो, दोन दिवसांत तो शिखरावर जातो, आणि कारण संपले की साधारण दर १९ तासांनी निम्मा होत उतरतो. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस ह्या दोघांना हे द्रव्य प्रथम आढळले, आणि तेही न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात. आबांचा आजार तोच. निरोगी माणसात हा आकडा लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या आत असतो. आबांचा होता २१२. पण ध्यानात घ्या, ही तपासणी आग लागल्याचे सांगते. कुठे लागली, कशाने लागली हे सांगत नाही. दाढ सुजली तरी ती वाढते, गळू झाले तरी वाढते.

ट्रोपोनिनची गोष्ट वेगळी. हृदय म्हणजे एक मुठीएवढा स्नायू. त्याच्या पेशीत बारीक तंतू असतात आणि ते एकमेकांवर सरकले की हृदय आकुंचन पावते. कधी सरकायचे आणि कधी सैल पडायचे, हे ठरवणारी जणू एक खिट्टी असते, तीच ट्रोपोनिन. जपानच्या एबाशी ह्या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ती शोधली. एरवी हे द्रव्य पेशीच्या आत असते. पेशी दुखावली वा मेली, की ते रक्तात पाझरते. हृदयातल्या ट्रोपोनिनची घडण हातापायांच्या स्नायूंतल्याहून वेगळी असल्यामुळे ते रक्तात वाढलेले आढळले, तर मार हृदयालाच बसला असे बहुतेक खात्रीने म्हणता येते. १९८० च्या दशकाअखेरीस ह्याच्या तपासण्या निघाल्या. त्याआधी, १९५४ पासून, एस.जी.ओ.टी. पाहून हृदयविकाराचा अंदाज घेत. पण ते यकृतातूनही येते, त्यामुळे कावीळ की हृदय, असा घोळ व्हायचा.

इथे थोडी गंमत सांगतो. आपल्या भाषेत 'काळीज' म्हणजे बोलताना हृदय, आणि मटणाच्या दुकानात यकृत. सी.आर.पी. येते यकृतातून, ट्रोपोनिन येते हृदयातून. म्हणजे दोन्ही आकडे काळजातलेच! एकाच कागदावर दोन काळजांची खबर. ती वाचताना मात्र गल्लत होता कामा नये.

गल्लत होते ती अशी. ट्रोपोनिन वाढले म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी तुंबली, म्हणजे अटॅक, असे समीकरण लोकांच्या डोक्यात बसले आहे. वाहिनी तुंबून झटका आला तर ट्रोपोनिन वाढते, हे खरेच. पण वाहिनी न तुंबताही हृदयाला इजा होऊ शकते. ताप, जंतुसंसर्ग, प्राणवायूची कमतरता, रक्तदाब खाली जाणे, मूत्रपिंडे निकामी होणे, अशा पुष्कळ कारणांनी ट्रोपोनिन वाढते. म्हणून जगभरच्या हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१८ साली झटक्याची व्याख्या चौथ्यांदा ठरवली, तेव्हा 'हृदयाच्या स्नायूची इजा' आणि 'हृदयविकाराचा झटका' ह्या दोन गोष्टी स्पष्ट वेगळ्या केल्या. ट्रोपोनिन सांगते की घाव पडला. कुऱ्हाडीचा की विळ्याचा, ते रोग्याला तपासूनच कळते.

सर्वांगाचा दाह आणि हृदयाची इजा ह्यांचे नाते किती जवळचे आहे, हे करोनाच्या साथीत साऱ्या जगाने पाहिले. २०२० साली चीनमधल्या वुहान शहरात एका रुग्णालयातल्या ४१६ रोग्यांची नोंद तपासली. त्यांपैकी ८२ जणांच्या रक्तात हृदयाच्या इजेची खूण सापडली. त्या ८२ जणांपैकी निम्म्याहून अधिक दगावले, आणि ज्यांच्यात खूण नव्हती त्यांच्यात शंभरी पाचदेखील नाही. त्याच शहरात १८७ रोग्यांच्या दुसऱ्या पाहणीत ५२ जणांचे ट्रोपोनिन वाढलेले होते, आणि ज्याची सी.आर.पी. जितकी जास्त, त्याचे ट्रोपोनिनही साधारण त्या मानाने जास्त, असे दिसून आले.

आता कुणी म्हणेल, की दाहानेच हृदय दुखावते हे सिद्ध झाले. थोडे सबुरीने घ्या. पाऊस आला की बेडूक ओरडतात, म्हणून बेडकांनी पाऊस आणला असे होत नाही. आजार जबर असला की दोन्ही आकडे वाढणारच. पण दाहाचा हात हृदयापर्यंत कसकसा पोहोचतो, हे बरेचसे उलगडलेले आहे.

पहिली वाट साधी आहे, कामाचा बोजा. हृदय मिनिटाला ७२ ठोके देते असे धरले, तर दिवसाला ते एक लाखाच्या वर जातात. ताप एक अंश सेल्सिअसने चढला, की नाडी साधारण आठ-दहाने वाढते. १२० च्या नाडीने चोवीस तास काढले तर एक लाख बहात्तर हजार ठोके होतात. त्यात न्यूमोनियामुळे रक्तात प्राणवायू कमी, रक्तदाब खाली. म्हणजे वैरण निम्मी आणि औताचे तास दीडपट. अशाने कोणता बैल टिकेल? दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यातच हृदयाला स्वतःचे बहुतेक रक्त मिळते, आणि नाडी पळू लागली की तो विसावाच आखडतो.

दुसरी वाट म्हणजे दाहाची द्रव्येच हृदयाच्या स्नायूला मंद करतात. १९८४ साली अमेरिकेत रक्तदोषाच्या, म्हणजे सेप्सिसच्या, अत्यवस्थ २० रोग्यांची हृदये रोज तपासली गेली. जे वाचले त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची हृदये पहिल्या दिवसांत फुगून सैल पडली होती, आणि दहा दिवसांच्या आत पूर्ववत झाली. ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे. वाहिनी तुंबून मेलेला स्नायू पुन्हा उभा राहत नाही. दाहाने मंदावलेला पुष्कळदा राहतो.

तिसरी, जंतू स्वतःच हृदयात शिरतात. काही विषाणू असे करतात. आपल्या भाताच्या खाचरांत उंदराच्या मुतातून पसरणारा लेप्टो, झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चावण्याने येणारा स्क्रब टायफस, डेंगी, ह्यांतही हृदयाचा स्नायू सुजू शकतो. २०१८ साली नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ आली होती, ती अनेकांना आठवत असेल. पावसाळ्यात शेतात राबणाऱ्या माणसाला ह्या आजारांची गाठ पडते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आणि चौथी वाट, जी सगळ्यांत दगाबाज. ज्याच्या वाहिनीत आधीच चरबीचा थर साचलेला असतो, त्याचा तो थर दाहाच्या दिवसांत फुटू शकतो. दाहात रक्तही लवकर गोठू पाहते. मग त्या जागी गुठळी बसते आणि खराखुरा झटका येतो. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, फ्लूचे निदान झाल्यापासूनच्या सात दिवसांत झटक्याची शक्यता एरवीच्या सहापट आढळली. २००७ साली अमेरिकेतल्या १७० न्यूमोनियाच्या रोग्यांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा ३३ जणांना त्याच आजारपणात हृदयाचा काही ना काही गंभीर त्रास झाला होता. कुणाला झटका, कुणाचे ठोके बिघडले, कुणाचे हृदय थकले.

म्हणजे 'ट्रोपोनिन वाढले पण ताप आहे, तेव्हा काळजी नको' असेही म्हणायची सोय नाही. मी स्वतः एक घर असे पाहिले आहे. पन्नाशीचा माणूस, आठ दिवस फ्लूसारखा ताप, उतरला. नवव्या दिवशी ऊस तोडायला गेला. दुपारी छातीवर दगड ठेवल्यासारखे झाले, दरदरून घाम आला. तापाचा अशक्तपणा आहे म्हणून घरच्यांनी लिंबूपाणी दिले, झोपवले आणि गावातल्याच एकाकडून सलाईन लावून घेतले. माझ्याकडे आणले तेव्हा रात्र झाली होती. हृदयाच्या आलेखात झटका ठळक दिसत होता. पुढे शहरात पोहोचेपर्यंत तो वाचला नाही. ताप उतरून गेला होता, म्हणून कुणाच्या मनात हृदय आलेच नाही. त्याची बायको अजून मला विचारते, "लिंबूपाण्यानं काय झालं का वो, डॉक्टर?" लिंबूपाण्याने काही झाले नाही, बाई. पाच तास गेले, त्यांनी झाले.

आता पुन्हा आबांकडे वळू. मी मुलाला म्हटले, "बैलांचा सौदा आजचा दिवस थांबव," आणि त्याच्याबरोबर तालुक्याला गेलो. तिथला डॉक्टर तरुण, पण हुशार निघाला. त्याने कुणालाही अटॅक आल्याचे सांगितलेच नव्हते. कार्डावरच्या तपासणीत दोन रेघा उमटल्या, त्या बाहेरच्या कुणीतरी पाहिल्या आणि बातमी अंगणात येईपर्यंत तिचे दोन लाख झाले. त्याचा स्वतःचा अंदाज माझ्यासारखाच होता. आबांना छाती दाबल्यासारखी वाटत नव्हती. श्वास ओढला की बरगडीखाली चमक मारत होती, आणि ती न्यूमोनियाची. हृदयाचा आलेख जलद होता, परंतु झटक्याचे वळण त्यात नव्हते. त्याने आकड्यात मोजणारे ट्रोपोनिन करून घेतले. त्या तपासणीची मर्यादा १४, आबांचे ७८. तीन तासांनी पुन्हा केले, ९६. संध्याकाळी सोनोग्राफीच्या यंत्राने हृदय पाहिले. वाहिनी तुंबली तर तिच्या वाट्याचा तेवढाच पट्टा लुळा पडतो. आबांचे हृदय सगळीकडून सारखेच मंद चालले होते. खांदा आलेला बैल जसा चालतो, तसे.

एवढ्यावर वाहिन्या साफच आहेत असे छातीठोक म्हणता येत नव्हते, आणि त्या डॉक्टरने म्हटलेही नाही. तो एवढेच म्हणाला, "आज हृदयाला औषध म्हणजे फुफ्फुसाला औषध." प्राणवायू सुरू होता, प्रतिजैविके शिरेतून चालू होती, सलाईन मोजून दिले जात होते. इथे मोजून हा शब्द महत्त्वाचा आहे. रक्तदाब पडलेला असताना पाणी लागते. पण हृदय मंदावलेले असताना जास्त पाणी शिरेत गेले, तर ते फुफ्फुसात साचते आणि माणूस बसल्या जागी गुदमरतो. गावात कुणी 'ताकदीची बाटली' लावतो म्हणाला, तर ताप आणि धाप असलेल्या माणसाला ती लावून घेऊ नका.

तिसऱ्या दिवशी सी.आर.पी. ११८ वर आली, ट्रोपोनिन ५५ वर. सहाव्या दिवशी सी.आर.पी. ३४ आणि ट्रोपोनिन १९. दोन्ही आकडे हातात हात घालून उतरले. मुलाने बैल विकले नाहीत.

ह्या आकड्यांविषयी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो, कारण तिच्यावरून घराघरांत घोळ होतो. सी.आर.पी. काही प्रयोगशाळा लिटरमागे सांगतात, काही डेसिलिटरमागे, म्हणजे लिटरच्या दहाव्या हिश्शामागे. त्यामुळे एकीकडचे २१ आणि दुसरीकडचे २१० हे एकच असू शकते. ट्रोपोनिनचे तर त्याहून विचित्र. एका कागदावर ०.०७८ आणि दुसऱ्यावर ७८, दोन्ही तेच. मापात हजारपटीचा फरक. तेव्हा नुसता आकडा पाहून 'वाढला' किंवा 'उतरला' म्हणू नका. शेजारी छापलेले माप आणि त्या प्रयोगशाळेची मर्यादा पाहा, आणि जमल्यास पुढची तपासणी तिथेच करा. सगळे जुने कागद तारखेप्रमाणे लावून ठेवा. ट्रोपोनिनचा एकच आकडा अर्धी गोष्ट सांगतो. काही तासांनी दुसरा आला की गोष्ट पुरी होऊ लागते.

मोठ्या तापाच्या दाहाबद्दल झाले. पण एक मंद दाहही असतो. त्यात ताप नसतो, वेदना नसते. कोंड्याच्या ढिगात विस्तव धुमसावा तसा तो वर्षानुवर्षे चालतो. बिडी ओढणाऱ्यांत, पोट सुटलेल्यांत, साखरेचा आजार असलेल्यांत, हिरड्या सडलेल्यांत तो आढळतो. ह्यात आमच्या मायबहिणींची मिस्री येते. दातांना मिस्री लावणे म्हणजे तंबाखूच; हिरडीतून ती रोज रक्तात जाते. १९९७ साली अमेरिकेतल्या धडधाकट डॉक्टरांच्या पाहणीत दिसले, की ज्यांची सी.आर.पी. मुळातच थोडी चढी होती, त्यांना पुढच्या वर्षांत झटके जास्त आले. त्यासाठी बारीक मोजणारी सी.आर.पी. करतात, लिटरमागे १ च्या आत बरी, ३ च्या वर चढी. पण अंगात ताप, जखम, गळू असताना ही तपासणी करून घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे. आकडा १० च्या वर आला, तर दोन आठवड्यांनी पुन्हा करावी. शिबिरात 'हृदयाची पूर्ण तपासणी' म्हणून कुणी सी.आर.पी.चा कागद हातात दिला, तर आधी आपली दाढ तपासा!

ह्या धुमसत्या दाहावर औषध शोधण्याची खटपट चालू आहे. २०१७ साली दहा हजारांहून अधिक झटका येऊन गेलेल्या रोग्यांवर, नुसता दाह कमी करणाऱ्या एका महागड्या इंजेक्शनचा प्रयोग झाला. कोलेस्टेरॉलला हात न लावता झटके कमी झाले. पण जंतुसंसर्गाने मरणारे वाढले. रक्षक निजवला की चोर शिरणारच. दुसरे औषध कोल्चिसिन. २०२० साली साडेपाच हजार रोग्यांत त्याचा फायदा दिसला, तर २०२४ साली सात हजारांवर रोग्यांत झटक्यानंतर लगेच दिले असता फायदा दिसला नाही. म्हणजे निकाल अजून लागायचा आहे.

हे सांगायचे कारण, हे कोल्चिसिन आपल्या बांधावरच्या कळलावीत असते. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुले येणारी तीच. कुणी 'हृदयाचे औषध रानात आहे' म्हणून तिचा कंद उगाळायला गेला, तर घरात मयत होईल. तिचा कंद जहर आहे आणि त्यावर उतारा नाही. औषधातली गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते. कंदात किती आहे हे कुणीच सांगू शकत नाही.

मग घरी करायचे काय? तापात धाप लागली, ओठ निळसर दिसले, माणूस बरळू लागला, लघवी कमी झाली किंवा छाती दाबल्यासारखी झाली, तर सकाळची वाट पाहू नका; १०८ ला फोन करा. ताप उतरल्यावर आठ-पंधरा दिवसांत चार पावलांत दम लागू लागला, रात्री उशी उंच लागू लागली, पाय सुजले, छातीत धडधडू लागले, तर 'अशक्तपणा' हा शब्द तोंडातून काढण्याआधी हृदयाचा आलेख काढून घ्या. तापाला पॅरासिटामॉल पुरते. अंगदुखीची जबर इंजेक्शने, डायक्लोफिनॅकसारखी, हृदयाला आणि मूत्रपिंडाला भारी पडतात. ॲस्पिरिन झटक्यात उपयोगी, परंतु डेंगीच्या दिवसांत तापाच्या रोग्याला आपल्या मनाने ती देऊ नये, रक्तस्राव होतो. साठी उलटलेल्यांनी आणि हृदयाच्या रोग्यांनी फ्लूची लस घ्यावी की नाही, हे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे. झटका येऊन गेलेल्यांत त्या लसीचा फायदा २०२१ सालच्या प्रयोगात दिसला आहे.

आणि विश्रांती. हे मी शेवटी लिहितो, कारण हेच कुणी ऐकत नाही. हृदयाचा स्नायू सुजला असे निदान झाले, तर तीन ते सहा महिने जड काम बंद, असा नियम खेळाडूंनाही लावतात. आबांना तेवढे नव्हते. तरी त्या डॉक्टरने सहा आठवडे औत, ओझे आणि मोटारीच्या पंपाची खेचाखेच बंद सांगितली, आणि नंतर हृदय पुन्हा पाहायचे ठरवले. आबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "डॉक्टर, मृग जाईल, आर्द्रा जाईल. पेरणी कोण करंल? पोरगं एकटं हाय."

ह्याला माझ्या पिशवीत औषध नव्हते. पण आबांच्या घरधनिणीने ते आधीच शोधले होते. आम्ही गावात पोहोचलो तेव्हा चुलीवर मोठे पातेले चढलेले होते आणि तिने गावात सांगून ठेवले होते, की उद्या आपल्याकडे इर्जिक आहे. दुसऱ्या दिवशी सात तिफणी आबांच्या रानात आल्या. पाच एकर सोयाबीन दुपारच्या जेवणाआधी पेरून झाले. आबा ओसरीवर बाजेवर पडून मुलाला ओरडून सांगत होते, की दोन ओळींतले अंतर राखा. मी त्यांची नाडी पाहिली. ८४ होती.

सहा आठवड्यांनी हृदयाची तपासणी झाली, चाल सुधारलेली होती. बिडी सोडायची कबुली त्यांनी दिली आहे. वाहिन्यांसाठी चालण्याची तपासणी दिवाळीनंतर करायची, असे तालुक्याच्या डॉक्टरने लिहून दिले आहे, आणि तो कागद मी मुलाकडून पिशवीत सगळ्यांत वर ठेववला आहे.